ट्रेलरच्या मागच्या चाकांचा सिग्नल सारखा जात होता: माझा अनुभव

ट्रेलरच्या प्रत्येक टायरच्या व्हॉल्व्हवर दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर आहे, तो बिनतारी सिग्नलने आकडे गाडीतल्या डिस्प्लेवर पाठवतो. लक्षण: गाडी उभी असताना सगळ्या चाकांचा दाब आणि तापमान दिसतं, पण निघाल्यावर थोड्याच वेळात ट्रेलरच्या मागच्या एक्सलचे आकडे गायब.

सेन्सरचे सेल बदलले, पेअरिंग (सेन्सर डिस्प्लेशी जोडणं) पुन्हा केलं, डिस्प्ले हलवून पाहिला. फरक शून्य. दोन दिवस त्यात गेले.

सेन्सर चांगलेच होते. त्यांचा अशक्त सिग्नल ट्रेलरच्या धातूच्या सांगाड्यातून डिस्प्लेपर्यंत पोचत नव्हता. उपाय रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र.

आधी रिपीटर ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, धातूच्या पेटीबाहेर बसवला. ट्रेलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून फ्यूज घालून वायर दिली. दिवा लागल्यावर सेन्सर काढून, सर्वांत मागच्या चाकापासून एकेक पुन्हा घट्ट बसवले. दाब बदलला की सेन्सर लगेच सिग्नल पाठवतो, त्यामुळे आकडा डिस्प्लेवर येतो का ते तिथेच कळतं.

शेवटी अलार्म. टायर थंड असतानाच दाब भरायचा, उन्हात तापलेल्या टायरवर नाही. थंड टायरच्या ६५ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाला अलार्मची खालची मर्यादा ५७, वरची ८०, तापमान ७० अंश सेल्सिअस ठेवलं. व्हॉल्व्हच्या टोकावरचा सेन्सर आतल्या हवेपेक्षा कमी तापमान दाखवतो, म्हणून याहून वर नको.

रबरी व्हॉल्व्हवर जड सेन्सर लावू नका. हेलकाव्यांनी मुळाशी चीर पडते. धातूचे व्हॉल्व्ह घ्या.