घरचा मिडी कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवायचाय? आधी एलईडी मोजा

मिडी कंट्रोलर, म्हणजे नॉब आणि बटणांनी लॅपटॉपवरचं संगीताचं सॉफ्टवेअर चालवणारा डबा, बनवायला घेतला की पहिला प्रश्न हमखास हाच, वेगळा अ‍ॅडाप्टर लागेल का? नाही लागत. साधा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँप देतो, ३.० वाला ९००, आणि डब्यात नुसते पॉट (फिरवायचे नॉब) आणि बटणं असतील तर ५० च्या आसपासच काम भागतं. भानगड सुरू होते एलईडींपासून.

माझ्याकडे ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो नावाचा, कोड टाकता येणारा छोटा बोर्ड आहे, हा लॅपटॉपला थेट मिडी डिव्हाइस म्हणून दिसतो (अर्डुइनो ऊनो या दुसऱ्या बोर्डाचं तसं सरळ होत नाही, त्यामुळे स्वस्त मिळाला म्हणून ऊनो उचलू नका), त्याला १० के चे ८ लिनिअर पॉट, १६ बटणं आणि प्रत्येक बटणाखाली एक डब्ल्यूएस२८१२बी, म्हणजे कोडने हवा तो रंग दाखवणारा एलईडी. आता हिशोब बघा. एक पॉट अर्धा मिलिअँप खातो, आठ मिळून ४. बटणं चिपमधल्याच पुलअप रेझिस्टरवर, म्हणजे चिल्लर. बोर्डाचे ३०-४० धरा. आणि एलईडी? एक फुल पांढरा पेटला की साधारण ६०, गुणिले १६ म्हणजे ९६०!

मी हा हिशोब नंतर केला, आधी हौसेने सगळे पांढरे पेटवून बघितले. लॅपटॉपने जास्त पॉवर खेचतोय असा मेसेज टाकून पोर्टच बंद केला, आणि मी तासभर सोल्डरिंग तपासत बसलो.

उपाय कोडमध्येच आहे. ब्राइटनेस २५५ पैकी ५० वर ठेवा, ९६० चे २०० च्या आत येतात आणि अंधाऱ्या खोलीत तेवढा उजेडसुद्धा डोळ्यात जातो. फास्टएलईडी लायब्ररी वापरत असाल तर तिला सरळ मिलिअँपची मर्यादा सांगता येते, मी ३०० ठेवलीय. अजून एक, जोडल्याजोडल्या डिव्हाइसला १०० मिलिअँपचीच परवानगी असते, जास्तीचे लॅपटॉपशी ओळखपाळख झाल्यावर, म्हणून सुरुवातीचे एक-दोन सेकंद एलईडी बंदच ठेवा, चालू होताना लाइट शो वगैरे नको. बिनअ‍ॅडाप्टरच्या हबवर तर एका पोर्टला एवढे १०० च धरून चाला, शक्यतो थेट लॅपटॉपलाच लावा.

एलईडीची पॉवर बोर्डाच्या रॉ पिनवरून घ्या, व्हीसीसी पिनवरून नको, म्हणजे बोर्डावरच्या रेग्युलेटरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावर) भार येत नाही. बोर्डाच्या इतर पिनवरून तर एलईडी पट्टी अजिबात चालवू नका, एका पिनची कमाल मर्यादाच ४० मिलिअँप. नेटवर सगळे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा म्हणतात, तो अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या पट्टीसाठी ठीक आहे, यूएसबीच्या लाइनवर नियमाने जास्तीत जास्त १० मायक्रोफॅरडच चालतो, कारण मोठा कपॅसिटर भरताना पहिल्याच झटक्यात करंट ओढतो.

पॉट न हलवता व्हॅल्यू ६३-६४-६३ नाचत असेल तर पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावा. शिवाय वाचन ० ते १०२३ येतं आणि मिडीला ० ते १२७ लागतं, म्हणजे एका आकड्यामागे ८ पायऱ्या, तर कच्चं वाचन ५-६ ने तरी सरकल्याशिवाय नवीन मेसेज पाठवूच नका.

स्पीकरमधून घूं आवाज येतो आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबतो? मग तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे यंत्रं एकापेक्षा जास्त वाटांनी ग्राउंडला जोडली गेल्याने येणारी गुणगुण, कंट्रोलर उघडून काही सापडणार नाही, ऑडिओच्या बाजूला बॅलन्स्ड (अशी गुणगुण कापणारी) केबल लावून बघा.

खरंच ६०-७० एलईडी फुल पेटवायचे असतील तरच वेगळा ५ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर घ्या, ५ अँपचा. त्याचा प्लस फक्त पट्टीला द्यायचा, बोर्डाला नाही, पण ग्राउंड दोघांचा एकत्र जोडायचा, नाहीतर एलईडी वेड्यासारखे लुकलुकतात. डेटा लाइनवर ३३० ओहमचा रेझिस्टर टाका.

आणि काहीच चालत नसेल, लॅपटॉपला डिव्हाइसच दिसत नसेल पण बोर्डावरचा लाइट पेटतोय, तर आधी केबल बदला. मोबाइलच्या बऱ्याच स्वस्त केबलमध्ये डेटाच्या वायरीच नसतात.