जुनी जेट स्की ट्रेलरवर उत्तम, पाण्यात घुसमटते: माझा अनुभव

१९९०च्या दशकातली दोन-स्ट्रोक जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर. इंदूरला राजेंद्रनगरात अंगणात झटक्यात चालू, रेसही साफ. पाण्यात थ्रॉटलचा (रेसचा) लिव्हर पूर्ण दाबला की घुसमटायची, अर्ध्यावर मात्र चालायची.

प्लग बदलले, ताजं पेट्रोल भरलं, कॉम्प्रेशन मोजलं तर दोन्ही सिलिंडर सारखे. मेकॅनिकने कार्ब्युरेटर वरवर धुऊन पैसे घेतले. डोकं उठलं होतं.

दोष मूळच्या राखाडी पेट्रोल नळ्यांचा. त्या आतून विरघळून हिरवा चिकट गाळ होतो आणि कार्ब्युरेटरच्या आतल्या बारीक जाळीत अडकतो. अंगणात इंजिनावर लोड नसतो, पेट्रोल थोडंच लागतं, म्हणून पत्ता लागत नाही. तसंच दामटलं तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, पिस्टन जळतो.

आधी सीट काढून वाफ जाऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. नळ्यांचे फोटो काढा. राखाडी नळ्या सगळ्या काढा, एकही ठेवू नका. फ्यूल कॉक (पेट्रोलची चावी) आणि फिल्टरची वाटी धुवा. मग कार्ब्युरेटर उतरवून उघडा, डायफ्राम (रबरी पडदे) बाजूला ठेवून जाळी क्लीनरने साफ करा. डायफ्राम कडक झाले असतील तर नवं किट टाका. शेवटी जुन्या मापाची काळी नळी बसवा. इंदूरच्या सियागंज बाजारात घेताना इथेनॉलला टिकणारीच मागा.

घरी इंजिन थंड ठेवायला पाण्याचा होज लावून तपासताना आधी इंजिन चालू करा, मग पाणी सोडा. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. नाहीतर पाणी सिलिंडरात शिरतं.