पद्मिनीतील रडका सूर नेमका कुठून येतो?

प्रीमिअर पद्मिनीसारख्या, मागील चाकांना गती देणाऱ्या जुन्या गाडीत वेगाबरोबर चढत जाणारा रडका सूर ऐकू आला, तर डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना गती वाटून देणारी गिअरपेटी, उघडण्याची घाई करू नये. तो सूर गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे की इंजिनाच्या फेऱ्यांशी, हे आधी ठरवावे. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची गती आत आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर जातो. चौथा गिअर थेट असल्याने, म्हणजे त्यात गती गिअरच्या जोड्यांतून न जाता सरळ पुढे जात असल्याने, खालच्या गिअरांत येऊन चौथ्यात विरणारा सूरही बहुधा गिअरबॉक्समधलाच असतो. याउलट, कोणत्याही गिअरात ठराविक वेगाला उमटणारा आणि ॲक्सिलरेटर दाबता-सोडता बदलणारा सूर डिफरन्शिअलमधील क्राउन-पिनियन या मुख्य गिअरजोडीकडे बोट दाखवतो. टायरचा आवाज मात्र रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. येथे मुरलेले मेकॅनिकही फसतात.

यानंतर गाडी सपाट जागी उभी करून डिफरन्शिअलचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरण्याच्या छिद्राचे बूच, काढावा. तेल त्या छिद्राच्या काठापर्यंत हवे. तेलात धातूचे चकचकीत कण दिसल्यास नुसते तेल बदलून भागणार नाही. पिनियनचा नट अंदाजाने आवळणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्याने बेअरिंगवरील ताण बिघडतो आणि दुरुस्ती अधिकच महागात पडते.