ताणल्या जाणाऱ्या पृष्ठावरील सूक्ष्मध्रुवी प्रवाह: गणित कसे मांडावे, कसे तपासावे

कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला झडीसाठी जो प्लास्टिकचा कागद बांधतात, तो कारखान्यात गरम असताना ताणला जातो आणि ताणला जात असतानाच निवतो. पृष्ठाचा वेग उगमापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे मानून, अशा पृष्ठालगतच्या साध्या द्रवाच्या प्रवाहाचे अचूक उत्तर क्रेन यांनी १९७० मध्ये दिले. द्रवात सूक्ष्म कण असतील, जसे आषाढात खाडीच्या गढूळ पाण्यात असतात, तर ते वाहता वाहता स्वतःभोवतीही फिरतात. अशा द्रवाला सूक्ष्मध्रुवी म्हणतात, आणि या फिरण्याचा हिशेब एरिंगेन यांच्या १९६६ च्या सिद्धांतात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जे विद्यार्थी एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेतात, त्यांच्यासाठी ही रीत लिहीत आहे.

समरूपता रूपांतराने, म्हणजे चले एकत्र करून पृष्ठापासूनचे मापबद्ध अंतर हे एकच चल ठेवून, प्रवाहाची आंशिक समीकरणे साध्या अवकल समीकरणांत उतरवावीत; पुढे ′ ही खूण याच अंतरानुसार काढलेला अवकलज दाखवते. फ हे प्रवाहाचे, ग हे सूक्ष्मभ्रमणाचे फलन आणि क हा भ्रमण-श्यानतेचा (कणांच्या फिरण्यामुळे येणाऱ्या चिकटपणाचा) साध्या श्यानतेशी असलेला भागाकार मानल्यास:

(१+क)फ‴ + फफ″ − फ′² + कग′ = ०
(१+क/२)ग″ + फग′ − फ′ग − क(२ग+फ″) = ०

तापमान त साठी त″ + प्र·फत′ = ०; प्रवाहात पसरणाऱ्या दुसऱ्या पदार्थाच्या संहतीसाठी हेच समीकरण, फक्त प्रांटल संख्या प्र (श्यानतेमुळे वेग पसरण्याचे उष्णता पसरण्याशी प्रमाण) च्या जागी श्मिट संख्या (तेच प्रमाण, पण पदार्थ पसरण्याशी). पृष्ठावर फ=०, फ′=१, त=१ आणि ग=−नफ″, येथे न हा ० ते १ मधला स्थिरांक; दूरवर फ′, ग, त शून्य. न=० म्हणजे पृष्ठालगतचे कण फिरू शकत नाहीत, तर न=१/२ म्हणजे तेथील कणांची संहती विरळ आहे.

शूटिंग पद्धतीत पृष्ठावरची अज्ञात मूल्ये अंदाजून, दूरच्या अटी पाळल्या जाईपर्यंत ती सुधारत जातात; येथे फ″(०) आणि ग′(०) एवढीच दोन मूल्ये एकत्र अंदाजावी लागतात. उत्प्लावकता (गरम द्रव हलका होऊन वर जाणे) धरलेली नसल्याने तापमान प्रवाहावर परिणाम करत नाही, म्हणून ते नंतर स्वतंत्रपणे सोडवावे.

आलेख काढण्याची घाई मात्र करू नये. आधी तपासणी करावी. न=१/२ असताना ग=−फ″/२ हे तंतोतंत खरे ठरते आणि फ″(०)=−१/√(१+क/२) मिळते; म्हणजे क=२ साठी −०.७०७१ यायलाच हवे. क=० व प्र=१ असताना त′(०) चे अचूक मूल्य −१/(ई−१), म्हणजे −०.५८२० आहे, येथे ई हा नैसर्गिक लघुगणकाचा पाया. या दोहोंना जोडणारी तिसरी तपासणी मला सर्वांत उपयोगी वाटते: न=१/२, क=२, प्र=०.५ घेतल्यास त′(०)=−०.५८२०/√२, म्हणजे −०.४११५ येते. प्रवाह आणि उष्णता यांच्या संगणकीय संकेतातील बहुतेक चुका येथे उघड्या पडतात; मात्र न=१/२ असताना २ग+फ″ शून्य असल्याने त्या पदाच्या गुणकातील चूक येथे दिसत नाही.

‘अनंत’ किती दूर धरावा, येथे बहुतेकांची फसगत होते. वेग मापबद्ध अंतराच्या १० एककांत विरून जातो, म्हणून संहतीलाही तेवढीच मर्यादा लावली जाते. परंतु हवेतील हायड्रोजनसाठी श्मिट संख्या सुमारे ०.२२ घेतात, आणि क=० असताना १० एककांवर संहती पृष्ठावरील मूल्याच्या सुमारे ११.५ टक्के शिल्लक असते; तिला तेथेच शून्य केल्यास उतार खोटा येतो. ४० एककांपर्यंत जावे, मग मर्यादा दुप्पट करून पाहावी, आणि पृष्ठावरील उताराचा चौथा दशांश हलला नाही तरच ते उत्तर तक्त्यात लिहावे.