महिला नेत्याचं चरित्र लिहायचंय? शशिकलाताई काकोडकरांचं उदाहरण घेऊन सांगते

आपल्याकडे राजकारणातल्या बाईवर लेख आला की पहिली ओळ ठरलेली, अमक्यांची कन्या किंवा तमक्यांची पत्नी, मग साधी राहणी, मग कणखर पण प्रेमळ स्वभाव, आणि शेवटी भावपूर्ण आदरांजली. वाचून झाल्यावर त्या बाईंनी नेमकं केलं काय हे विचारलं तर सांगता येत नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण बाई विधानसभेत वीस वीस वर्षं काढते आणि तिच्या नावावर एक कायदासुद्धा कोणी लिहीत नाही. म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, स्मरणिकेसाठी, गावच्या ग्रंथालयाच्या अंकासाठी जे कोणी लिहायला बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरण म्हणून गोव्याच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर घेऊया.

सुरुवात एका कोऱ्या कागदापासून करा. डावीकडे सालं, उजवीकडे फक्त काय घडलं, विशेषणं अजिबात नाहीत. ताईंचा कागद साधारण असा होईल: 1935 जन्म, 1967 आमदार, 1972 वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री, ऑगस्ट 1973 मुख्यमंत्री, 1977 पुन्हा निवडून येऊन मुख्यमंत्री, एप्रिल 1979 सरकार पडलं, 1990 शिक्षणमंत्री, 2011 मातृभाषेच्या शाळांसाठी आंदोलन, ऑक्टोबर 2016 निधन. आता या कागदाकडे नीट बघा. मुख्यमंत्रिपद पावणेसहा वर्षांचं आणि त्यानंतरचं सार्वजनिक आयुष्य साडेसदतीस वर्षांचं, पण बहुतेक लेख 1979 ला संपतात. कुठे जास्त लिहायचं आणि कुठे भरभर पुढे जायचं हे हा कागदच सांगतो.

आता वडिलांचं काय करायचं, कारण इथे सगळे घसरतात. ताई भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी, भाऊसाहेब गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सर्वेसर्वा, 12 ऑगस्ट 1973 ला ते गेले आणि लगेच ताईंकडे खुर्ची आली. हे लपवायचं काहीच कारण नाही, स्पष्ट लिहा, पण एका परिच्छेदात लिहा आणि त्याच परिच्छेदात हेही लिहा की त्याआधी त्या सहा वर्षं आमदार होत्या आणि राज्यमंत्री म्हणून काम बघत होत्या. दार वडिलांमुळे उघडलं असेल, आत गेल्यावर कारभार कोणी केला ते पुढच्या पानांवर दिसू द्या. आणि एक कसोटी लावून बघा, तुमच्या लेखात वडिलांचं नाव किती वेळा आलंय आणि बाईंच्या एखाद्या निर्णयाचं नाव किती वेळा आलंय ते मोजा. पहिला आकडा मोठा असेल तर लेख परत लिहा.

यानंतर आकडे. निवडणूक आयोगाच्या साईटवर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचे जुने सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये आहेत, फुकट आहेत, मतदारसंघनिहाय आहेत. तेव्हा गोवा राज्य नव्हतं, गोवा दमण दीव हा केंद्रशासित प्रदेश होता, सभागृह 30 जणांचं, त्यात गोव्याचे 28 आणि दमण दीवचा एकेक. 1972 ला मगोच्या 18 जागा होत्या, 1977 ला ताईंच्या नेतृत्वाखाली 15 आल्या. तीस पैकी पंधरा! म्हणजे बरोब्बर निम्मे, एक आमदार रुसला तरी सरकार डळमळणार, आणि 1979 ला तेच झालं, स्वतःच्याच पक्षाच्या आमदारांनी साथ सोडली, सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली, आणि 1980 च्या निवडणुकीत मगो सातवर आला. हे आकडे न बघता लोक लिहितात की ताईंना पक्ष सांभाळता आला नाही. असेलही त्यात तथ्य, नाराजी होती हे खरंच आहे, पण पंधरा आमदारांवर सरकार चालवणं म्हणजे रोज दोरीवरून चालणं, तेवढं तरी वाचकाला कळायला हवं. शिवाय केंद्रशासित प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यावर नायब राज्यपाल आणि दिल्ली असते, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्याशी थेट तुलना करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कायदे वाचा. कायद्याचं नुसतं नाव लिहून पुढे जाऊ नका, उघडून वाचा. ताईंच्या काळात दोन मोठी कामं झाली, 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा आणि 1976 ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती. गोव्याबाहेरच्या वाचकाला मुंडकार म्हणजे कोण हे आधी सांगावं लागेल, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर बांधून पिढ्यानपिढ्या राहणारं कुटुंब, ज्याला मालक मनात आलं तर ऊठ म्हणू शकत होता. या कायद्याने त्याला असं हुसकावून लावायला बंदी आली आणि राहतं घर जमिनीसकट विकत घ्यायचा हक्क मिळाला. आता कलमांमध्ये जाऊन बघा, घराच्या भोवतीची किती जागा धरायची ते लिहिलंय, भिंतींपासून पाच मीटर किंवा पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटर आणि इतरत्र 200, यातलं जे जास्त असेल ते. या एका आकड्यावर थांबा आणि विचार करा, तीनशे चौरस मीटर म्हणजे घर, अंगण, तुळस, मागे चार माड आणि विहिरीकडे जायची वाट. हे लिहिलंत की वाचकाला कायदा दिसतो. पाचव्या दुरुस्तीचं पण तसंच, कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, अनेक कुटुंबांचे मामलेदाराकडचे दावे वर्षानुवर्षं रेंगाळले, तेही लिहा, कायदा झाला म्हणजे न्याय मिळाला असं लिहू नका. कायद्यांचा मजकूर सरकारी साईटवर मिळतो, तो वाचायला एक संध्याकाळ द्या, लेखाचा अर्धा जीव तिथे आहे.

पेपर बघायला पणजीला जावं लागेल. पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात जा, गोमन्तक आणि नवप्रभाचे जुने अंक कुठे बघायला मिळतील ते तिथल्या माणसांना विचारा, महिना ठरवून जा म्हणजे वेळ वाया जात नाही. एप्रिल 1979 चे अंक आधी मागा. आणि एकाच पेपरवर विसंबू नका, तेव्हा मराठी पेपर आणि इंग्रजी पेपर एकच घटना अगदी वेगळी सांगायचे, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

विरोधकांना जागा द्या, हे मी मराठीवर जीव असलेली बाई म्हणून मुद्दाम सांगतेय. मगो म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणणारा पक्ष, 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात 1,72,191 लोकांनी वेगळं राहायला मत दिलं आणि 1,38,170 जणांनी विलीनीकरणाला. पुढे मराठी की कोकणी हा भाषेचा वाद इतका पेटला की 1987 च्या राजभाषा कायद्यापर्यंत रस्त्यावर माणसं मेली. कोकणीवाल्यांच्या मनात ताईंबद्दल काय होतं ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि त्यांच्याच शब्दात लिहा. आपल्या लाडक्या नेत्यावर लिहिताना हे जड जातं, पण त्याशिवाय 1990 चा निर्णय समजतच नाही. ताई तेव्हा काही महिनेच टिकलेल्या आघाडी सरकारात शिक्षणमंत्री होत्या आणि ठरलं की सरकारी अनुदान मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच, म्हणजे मराठीला आणि कोकणीलाही. बऱ्याच चर्चच्या शाळा इंग्रजीवरून कोकणीवर आल्या. ज्या बाईंना कोकणीच्या विरोधक म्हटलं गेलं त्यांच्याच निर्णयाने हजारो मुलं कोकणीतून शिकायला लागली! माझ्या मते ताईंच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात मोठं पान आहे, मुख्यमंत्रिपदापेक्षाही मोठं, आणि लेखांमध्ये त्याला दोन ओळी मिळतात.

मधली पक्षांतरं पण झाकू नका, मगोतून काँग्रेस, मग वडिलांच्या नावाचा वेगळा पक्ष, मग परत मगो. पुरुष नेत्याने हे केलं की त्याला चाणाक्ष म्हणतात आणि बाईने केलं की गोंधळलेली, तर एकच मोजमाप लावा.

मुलाखती घेणार असाल तर फक्त कार्यकर्त्यांकडे जाऊ नका, ते चांगलंच बोलणार. निवृत्त मामलेदार, जुने शिक्षक, मुंडकाराच्या घरातली म्हातारी माणसं, आणि भाटकाराच्या घरातलीसुद्धा. "ताई कशा होत्या" हा प्रश्न विचारूच नका, त्याला उत्तर एकच येतं. विचारा की तुमचं घर तुमच्या नावावर कधी झालं, अर्ज कोणी लिहून दिला, पैसे किती भरले, भाटकार काय म्हणाला. कागद दाखवतात का बघा, फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या आणि घरच्यांची नावं छापू नका. भाटकाराच्या वाड्यावर गेलात तर जमीन किती गेली आणि कोर्टात किती वर्षं गेली ते विचारा, त्यांचंही दुःख खरं असतं.

साडी, कुंकू, आवाज, स्वयंपाक यावरची वाक्यं शेवटी एकदा शोधून काढून टाका, पुरुष मुख्यमंत्र्याच्या लेखात जे लिहिलं नसतं ते इथेही नको. ताई म्हणायला हरकत नाही, गोव्यात सगळे ताईच म्हणायचे, फक्त पहिल्यांदा नाव येईल तिथे पूर्ण नाव आणि पद लिहा.

2011 वर येताना परत पेपर काढा. तेव्हाच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं आणि ताई पंचाहत्तरी ओलांडलेल्या असताना भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या, मराठीवाले आणि कोकणीवाले दोघं एका बाजूला होते. तेव्हाची भाषणं ऐकलेली माणसं अजून भेटतात, त्यांना आत्ताच गाठा.