चोर पकडलात, पुढे काय? या चुका टाळा

गुन्हेगाराला पकडण्याचा अधिकार सामान्य माणसालाही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तो दिला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ४३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून त्यात वेळेची अट आली: पकडलेल्याला विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचं. धरायचं आणि सोपवायचं, एवढाच हा अधिकार आहे. चौकशी आणि शिक्षा त्यात येत नाहीत.

ऐकीव माहितीवर पकडणं

गुन्हा तुमच्या समक्ष घडलेला हवा. काल रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज पाहून आज चौकात कुणाची कॉलर धरलीत, तर कलम ४० तुम्हाला वाचवणार नाही. फुटेज पोलिसांना द्या. अपवाद एकच, न्यायालयाने फरारी म्हणून जाहीर केलेला आरोपी. 'त्याच्यावर केस आहे आणि तो गावात दिसत नाही' एवढ्याने कुणी जाहीर फरारी होत नाही. त्यासाठी न्यायालयाची लेखी उद्घोषणा लागते. पोलिसांनी बक्षीस लावलं म्हणूनही तुमचे अधिकार वाढत नाहीत.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. एकानेही कुठलाही गुन्हा घडताना पाहिला नव्हता. 'समक्ष' हा शब्द कायद्यात का आहे, ते इथे कळतं.

कुठल्याही गुन्ह्याला अटक चालते, असं समजणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. गुन्हा दखलपात्र हवा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्रही हवा (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही). दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात. सोनसाखळी हिसकावणं, घरफोडी, दरोडा यांत त्या पूर्ण होतात. शिवीगाळ किंवा साधी चापटमारी यांत होत नाहीत. भरधाव गाडी चालवून ठोकणारा चालकही यात बसत नाही, कारण तो गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. गाडीचा नंबर टिपा, जखमीला दवाखान्यात न्या.

चोरीचं गणित आणखी बारीक आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत (शेवटच्या तक्त्यात) अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. मात्र राहत्या घरातली किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३०५ मध्ये येते, आणि तिथे रक्कम बघितली जात नाही. आपली वस्तू ओढून नेणाऱ्याला तिथल्या तिथे रोखणं हा स्वसंरक्षणाचा वेगळा हक्क आहे. तो अटकेत मिसळू नका. खात्री नसेल तर माणसावर नजर ठेवा आणि ११२ लावा.

खांबाला बांधणं, मारणं

पळून जाऊ नये इतकाच अटकाव करता येतो (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६; पुढची कलमंही तिचीच). दोघांनी दंड धरून उजेडात, चार लोकांसमोर बसवून ठेवलं की बहुतेक वेळा पुरतं. दोरीने बांधून मारलंत तर दुखापतीचा गुन्हा तुमच्यावर लागतो. बेकायदा डांबून ठेवण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पकडलेली व्यक्ती बाई असेल तर तिला बायकांनीच थांबवावं.

खिसे तपासणं

अंगझडती पोलीस घेतात. हातात चाकू, कोयता दिसला तर तो लगेच काढून घ्यायला कलम ५० परवानगी देतं, पण तो पोलिसांकडे जमा करावाच लागतो. मोबाइल उघडून बघणं, पाकीट रिकामं करणं नको. बचावाचा वकील पुढे याच जागी बोट ठेवतो: मुद्देमाल खिशात होता की तुम्ही ठेवलात?

सहा तासांची मुभा आहे असं वाटणं

सहा तास ही शेवटची मर्यादा आहे. पकडल्याची वेळ लिहून ठेवा आणि आधी ११२ ला फोन करा. पोलीस येत नसतील तर जवळच्या ठाण्यात घेऊन जा. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी तक्रार तिथे घेतली जाते. प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोघांना सोबत न्या आणि हवाली केल्याची वेळ स्टेशन डायरीत नोंदवायला सांगा. गुन्ह्याला पुरेसा आधार नाही असं पोलिसांना दिसलं तर ते त्याला सोडतील. कायद्यानेच तसं सांगितलंय, तिथे वाद घालू नका.

गणवेश, वसुली आणि जामीन

सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला तुमच्याइतकाच अधिकार आहे. कर्ज थकणं हा मुळात गुन्हाच नाही, त्यामुळे वसुली एजंटाला कर्जदाराला अडवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचा फोनही सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळात करायचा असतो.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत पैसे घेऊन जामीन भरणाऱ्या कंपन्या आहेत, आणि पळालेल्या आरोपीला पकडून आणायला त्या माणसं नेमतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. तुम्ही जामीनदार आहात आणि आरोपी गायब होण्याच्या बेतात आहे, तर त्याला घरी कोंडू नका. कलम ४८९ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जामिनातून मोकळं करण्याचा अर्ज द्या. त्यावर दंडाधिकारी आरोपीच्या नावाने वॉरंट काढतात, आणि ते बजावणं पोलिसांचं काम आहे.