परदेशी एजंट कायद्याचा मसुदा आला तर कारखानदारानं हरकत कशी लिहायची

जगात एकामागं एक देश हे "परदेशी एजंट नोंदणी" कायदे आणायलेत, म्हणजे बाहेरच्या कुणाच्या पैशावर किंवा सांगण्यावरून काम करणाऱ्यानं सरकारकडं नाव नोंदवायचं. आपल्याकडं तसली चर्चा निघाली की वाळूजपासून जालन्यापर्यंतच्या उद्योजकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "ते एनजीओवाल्यांचं आहे हो, आपला काय संबंध". संबंध आहे का नाही ते मसुद्यातली व्याख्या ठरवते, ग्रुप ॲडमिन नाही. उद्या असा मसुदा आलाच तर छोट्या कारखानदारानं, बियाणेवाल्यानं, कन्सल्टंटनं काय करायचं ते सांगतो.

आधी एफसीआरएचा गोंधळ डोक्यातून काढा. २०१० चा तो कायदा परदेशातून येणाऱ्या देणगीचा आहे. २०२० मधे तो अजून आवळला, आता असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. तुम्ही जर्मनीला पार्ट पाठवले आणि इनव्हॉइसचे युरो आले तर ती देणगी नाही, नेहमीच्या धंद्यातला मोबदला त्यातून वगळलेला आहे. म्हणून आपले लोक निवांत असतात. पण परदेशी एजंट कायद्यात प्रश्न वेगळा येऊ शकतो, की तुम्ही सरकारकडं जे बोलायलात ते कुणाच्या सांगण्यावरून?

मसुदा हातात आला की तो कुठल्या जातीचा ते बघा. जॉर्जियाच्या जातीचा असला तर तो पैशाची टक्केवारी बघतो. तिथं २०२४ मधे २० टक्क्यांहून जास्त परदेशी निधी घेणाऱ्या संस्था आणि मीडियाला नोंदणी सक्तीची केली. राजधानी तिबिलिसीत लई मोठे मोर्चे निघाले, राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो वापरला, तरी संसदेनं २८ मे ला तो मोडून कायदा पास केलाच. अमेरिकेचा फारा (तिथला परदेशी एजंट नोंदणी कायदा) वेगळ्या जातीचा. तो १९३८ चा, नाझी प्रचार उघडा पाडायला आणलेला, आणि त्यात "परदेशी प्रिन्सिपल", म्हणजे एजंट ज्याच्यासाठी काम करतो तो, फक्त सरकार नाही, परदेशी खाजगी कंपनी पण येते. निव्वळ व्यापाराला सूट आहे तिथं, पण ती सूट वेगळ्या कलमात लिहिलीय म्हणून आहे. आपल्या मसुद्यात तसं कलम नसलं तर पहिली हरकत तीच.

कारखानदाराला शिकायचं असेल तर ब्रिटनकडं बघा. तिथं २०२२ मधे परदेशी प्रभावाच्या नोंदणीची जी योजना मांडली तिच्यात परदेशी कंपनीच्या सांगण्यावरून मंत्र्याशी बोलणारा पण नोंदणीत येत होता. उद्योगांनी ओरड केली, की ज्याची मूळ कंपनी बाहेरची किंवा ज्याचा क्लायंट बाहेरचा त्यानं काय प्रत्येक मीटिंगला फॉर्म भरायचा का. २०२३ मधे सरकारनं ती राजकीय प्रभावाची नोंदणी परदेशी सत्तांपुरतीच ठेवली, कंपन्या बाहेर काढल्या. कायदा झाला, १ जुलै २०२५ पासून योजना सुरू पण झाली, पण व्यापारी सुटले. मला यातून एकच दिसतं, "कायदा रद्द करा" म्हणणाऱ्या धंदेवाल्याला लगेच विचारतात की तुम्हाला काय लपवायचंय, आणि व्याख्येवर बोट ठेवणाऱ्याला निदान उत्तर तरी द्यावं लागतं. तुमचं वैयक्तिक मत काही का असेना, फर्मच्या लेटरहेडवर व्याख्येबद्दलच लिहा.

व्याख्येत तीन ठिकाणी पेन लावायचा. परदेशी प्रिन्सिपल म्हणजे कोण, "सांगण्यावरून" म्हणजे काय, आणि कुठलं काम मोजणार. यातलं मधलं सगळ्यात घातक. फारामधे हुकूम आणि नियंत्रणाबरोबर "विनंती" पण आहे, आणि आपला निम्मा धंदा गिऱ्हाइकाच्या विनंतीवरच चालतो ना.

समजा वाळूजमधल्या पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपला जर्मन गिऱ्हाईक म्हणतंय की पार्टला अमुकच ग्रेडचं स्टील पाहिजे. ते स्टील बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) शिक्क्याची सक्ती करणाऱ्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरमुळं आयात करता येईना. गिऱ्हाईक मेल टाकतं, "तुमच्या मंत्रालयाला लिहून सूट मागा". मालक पोलाद मंत्रालयाला पत्र लिहितो. विनंती परदेशी, पत्र सरकारला, मागणी धोरण शिथिल करायची. ढिसाळ व्याख्येत हा माणूस परदेशी एजंट झाला! लातूरचा एमबीबीएस ॲडमिशनवाला घ्या, तिबिलिसीच्या युनिव्हर्सिटीकडून कमिशन घेतो आणि पालकांना घेऊन खासदाराकडं जातो, की २०२१ चे एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) परदेशी डिग्रीचे नियम जरा सैल करा. तो पालकांचा माणूस का युनिव्हर्सिटीचा? (मला विचाराल तर दोघांचा, आणि याची नोंद ठेवायला हरकत नसावी. पण प्रेस शॉपवाल्याला त्याच्यासोबत एका रांगेत बसवू नका.)

आता लिखाण. कलम नंबर, त्यातले शब्द जसेच्या तसे, तुमच्या धंद्यात काय होईल, आणि बदललेलं वाक्य कसं पाहिजे, एवढंच. शेवटचं लोक विसरतात, आणि अधिकाऱ्याला नेमकं तेच उचलून टाकता येतं. नमुना असा:

"कलम अमुकमधील 'विनंतीवरून' या शब्दामुळे, परदेशी ग्राहकाच्या तांत्रिक गरजेसाठी आम्ही मंत्रालयाला केलेला अर्जही नोंदणीस पात्र ठरतो. आमच्या युनिटमध्ये कंप्लायन्ससाठी स्वतंत्र कर्मचारी नाही. तरी 'विनंतीवरून' हा शब्द वगळावा, आणि ज्या परदेशी कंपनीवर कोणत्याही परदेशी सरकारचे नियंत्रण नाही तिच्याशी असलेल्या खरेदी-विक्री करारातून उद्भवणारा पत्रव्यवहार या कायद्यातून वगळावा."

सोबत एक खरी पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि मंत्रालयाला गेलेल्या पत्राची कॉपी जोडा, रेट काळे करून. गिऱ्हाइकासोबत एनडीए (गोपनीयतेचा करार) असेल तर नाव पण झाका, नाहीतर एक भानगड मिटवताना दुसरी मागं लागायची. उद्यम नंबर टाका, छोटं युनिट आहे हे दिसलं पाहिजे. आणि तिसऱ्या पानावर जाऊ नका, कुणी वाचत नाही.

मुदतीचं सांगतो. केंद्राचं २०१४ चं धोरण म्हणतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं. पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळं कितीदा पाळतच नाहीत. म्हणून मंत्रालयाच्या वेबसाइटवर नजर ठेवा आणि विधेयक संसदीय समितीकडं गेलं तर पेपरातली जाहिरात बघा. समितीला निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत लागतं, आधी मराठीत लिहा मंग कुणाकडून तरी नीट करून घ्या. आणि समितीला दिलेलं निवेदन गोपनीय धरतात, ते लगेच फेसबुकवर टाकून मोकळं होऊ नका.

एकट्यानं पाठवा आणि संघटनेकडून पण पाठवा. सीएमआयए, मसिआ अशा संघटना आहेतच, तिथं बैठकीत ठराव करून घ्या, सही-शिक्का, जावक नंबर सगळं. पण पन्नास जणांनी एकच झेरॉक्स पाठवायची आयडिया करू नका, ती एकच हरकत म्हणून बाजूला पडते. जालन्याच्या बियाणेवाल्यानं परदेशी लायसन्सचं लिहावं, शेंद्र्यातल्यानं बाहेरच्या मूळ कंपनीचं लिहावं. खासदाराला कॉपी हातात द्या, पीएला व्हॉट्सॲप केलेलं धरत नाहीत. सगळ्याची पोच घ्या, ईमेल असेल तर डिलिव्हरीचा स्क्रीनशॉट.

समितीनं तोंडी म्हणणं मांडायला बोलावलंच तर नुसता वकील पाठवू नका. एक्सपोर्टची फाइल रोज हाताळणारा माणूस सोबत न्या, कारण पहिला प्रश्न हाच येतो की असं पत्र तुम्ही खरंच कधी लिहिलंय का, दाखवा.